‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्याआधी



घरात गोड बातमी कळली की आधी पेढे येतात आणि दुसऱ्या दिवसापासून एक वाक्य सुरू होतं: “आता अजिबात टेन्शन घ्यायचं नाही हं!” सासूबाई म्हणतात, आई फोनवर म्हणते, शेजारच्या गुजराती मासी म्हणतात. ऑफिसातला मॅनेजरसुद्धा म्हणतो, आणि त्याच दमात शुक्रवारचं रिलीज वेळेवर जाईल ना, हेही विचारून घेतो.

वाक्य प्रेमाचंच असतं. पण मी पडले सॉफ्टवेअरवाली. कुठलंही काम समोर आलं की पहिला प्रश्न मनात येतो, हे काम कोणाच्या नावावर टाकलंय? या वाक्यात ते गरोदर बाईच्याच नावावर टाकलेलं असतं. टेन्शन देणाऱ्या गोष्टी सगळ्या जागच्या जागी राहतात आणि ते न घेण्याची जबाबदारी तेवढी तिची.

या महिन्यात हा विषय घेण्याचं कारण घरचंच आहे. माझी धाकटी जाऊ सहाव्या महिन्यात आहे. आणि पाच वर्षांपूर्वी मला चौथा महिना असताना माझ्या बाबांना हार्ट अटॅक आला. अहमदाबादला बायपास झाली. तीन आठवडे मी बडोदा-अहमदाबाद बसने ये-जा करत होते, मांडीवर लॅपटॉप घेऊन. तेव्हा नात्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, “इतकी रडू नकोस, बाळाच्या डोक्यावर परिणाम होतो.” बाबा बरे झाले, लेकही छान झाली. ते वाक्य मात्र दोन वर्षं माझ्या डोक्यात घर करून होतं. शेजारची मुलगी आधी चालायला लागली, की मी मनातल्या मनात बाबांच्या ऑपरेशनची तारीख मोजायची. असलं वाक्य जावेला कोणी ऐकवण्याआधी त्यात खरं किती आणि वाढवून सांगितलेलं किती, हे एकदा नीट मांडावं म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. पण आकडे आणि त्यांचा अर्थ वाचणं हे माझं रोजचं काम आहे.

आधी खरं काय ते. आईच्या ताणाचा आणि तब्येतीचा पोटातल्या बाळाशी संबंध असतो. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं. ते आईच्या रक्तातून वारेपर्यंत पोचतं. वार म्हणजे नुसती नळी नव्हे, तिथे एक पहारेकरीही असतो. एक एन्झाइम बरंचसं कॉर्टिसॉल निष्क्रिय करून टाकतं, त्यामुळे बाळापर्यंत त्याचा थोडाच भाग जातो. म्हणजे एखाद्या दिवशी भांडण झालं, रडू आलं, रिक्षाला धक्का लागून घाबरायला झालं, तर त्यासाठी निसर्गाने सोय करून ठेवलेली आहे. काळजीचा भाग आहे तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या ताणाचा. अशा वेळी या एन्झाइमचं काम कमी होताना दिसतं.

आता प्रश्न असा, की ताणाचा परिणाम मोजायचा कसा? गरोदर बायकांचे दोन गट करून एका गटाला मुद्दाम ताण देता येत नाही. आणि ज्यांना ताण जास्त, त्यांच्या घरात गरिबी, आजारपण, कुपोषण या गोष्टीही असतात. मग बाळावर झालेला परिणाम नक्की कशाचा, हे वेगळं काढता येत नाही. ज्याने कधी एखाद्या बगचं मूळ शोधलंय त्याला हे दुखणं कळेल. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या असतील, तर दोष कोणाला देणार?

कॅनडात निसर्गानेच हा प्रयोग करून टाकला. १९९८ च्या जानेवारीत क्युबेक प्रांतात पडताक्षणी गोठणारा पाऊस सलग काही दिवस पडला. बर्फाच्या वजनाने विजेचे मनोरे वाकून कोसळले. ऐन कडाक्याच्या थंडीत तीस लाखांवर लोक विजेशिवाय राहिले, काही घरांत तर महिनाभराहून जास्त. वादळ काही श्रीमंत-गरीब बघून आलं नव्हतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधक सुझन किंग यांनी त्या काळात गरोदर असलेल्या स्त्रियांना प्रश्नावली पाठवली आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला.

त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. एक म्हणजे प्रत्यक्षात काय सोसावं लागलं: किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का, नुकसान किती झालं. दुसरी म्हणजे त्या बाईला मनातून किती त्रास झाला. मुलं साडेपाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिमत्ता आणि भाषा तपासली. ज्यांच्या आयांना प्रत्यक्ष हाल जास्त सोसावे लागले होते, त्या मुलांचे गुण सरासरीने कमी होते. आई मनातून किती घाबरली होती, याचा मात्र त्या गुणांशी संबंध आढळला नाही.

हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. म्हणजे निदान या पाहणीत, या गोष्टींपुरता तरी, घोळ “तिने टेन्शन घेतलं” यात नव्हता. तिच्यावर काय गुदरलं, यात होता. अर्थात हे सगळीकडे सारखंच आहे असं नाही. मुलांच्या वागण्या-भावनांच्या काही बाबतींत आईच्या मनःस्थितीचा संबंधही इतर अभ्यासांत दिसलेला आहे. आणि हेही सांगायला हवं, की जास्त हाल सोसलेल्या गटातल्या मुलांची सरासरीसुद्धा सर्वसामान्य मर्यादेतच होती. ती मुलं शाळेत जाणारी, खेळणारी, साधी मुलं होती.

इथेच सरासरी आणि आपलं बाळ यांतला फरक समजून घेऊया. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराच्या परिसरात १९९१-९२ च्या सुमारास सुमारे चौदा हजार गरोदरपणांपासून सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात गरोदरपणी सर्वांत जास्त चिंताग्रस्त असलेल्या आयांची मुलं तेरा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात मानसिक-वर्तणुकीच्या तक्रारींचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. “दुप्पट” ऐकून पोटात गोळा येतो. पण आकडे असे आहेत: इतर मुलांमध्ये शंभरात साधारण सात, आणि या गटात शंभरात साधारण बारा. म्हणजे अतिशय चिंताग्रस्त आयांच्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याऐंशींच्या आसपास मुलं ठीकच होती. समाजाच्या पातळीवर हा फरक मोठा आहे, त्यासाठी सरकारने आणि दवाखान्यांनी जागं व्हायला हवं. एका आईच्या बाबतीत मात्र ही भविष्यवाणी होऊ शकत नाही.

शिवाय गोष्ट जन्मापाशी संपत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या व्हिव्हेट ग्लोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भजलातलं कॉर्टिसॉल मोजलं आणि पुढे त्या बाळांचा बौद्धिक विकास सतराव्या महिन्याला तपासला. ज्या बाळांचं आईशी नातं घट्ट आणि सुरक्षित नव्हतं, त्यांच्यात कॉर्टिसॉल जास्त तिथे गुण कमी असा संबंध दिसला. ज्यांचं नातं सुरक्षित होतं, त्यांच्यात तो दिसला नाही. म्हणजे पोटात जे झालं त्यावर नंतरच्या मायेचा, बोलण्याचा, जवळ घेण्याचा उतारा चालतो.

बाळाचा विकास मोजण्यावरून आठवलं. भारतीय बाळांसाठी वापरली जाणारी एक महत्त्वाची मोजपट्टी आपल्या बडोद्यातच तयार झाली, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी परदेशी चाचणीचा आधार घेऊन, पण इथल्या मुलांवर मोजमापं घेऊन ती बांधली. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत, हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ नोंदी. तेव्हा आपलं बाळ मागे आहे की काय अशी शंका आली, तर शेजारच्या मुलीशी तुलना करण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन शास्त्रशुद्ध तपासणी करून घ्यावी. शंका खरी निघाली तर लवकर मदत मिळते, खोटी निघाली तर झोप लागते. माझ्यासारखी दोन वर्षं मनात तारखा मोजत बसण्यापेक्षा ते बरं.

ताण म्हणजे फक्त मनाचा, असंही नाही. शरीराचं कष्टणं आणि शरीराला काही कमी पडणं, हाही ताणच. यावरचं फार महत्त्वाचं काम आपल्या मराठी मुलखात झालंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे साडेतीन. पण बारीक दिसणाऱ्या या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी बरीच होती. पुढे तरुण वयात होणाऱ्या मधुमेहाची मुळं गर्भापर्यंत जातात, ही कल्पना या कामातून भक्कम झाली.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी तर थेट आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेल्या आहेत. एक, ज्या स्त्रिया दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं आकाराने चांगली होती. दुसरी, ज्या गरोदर बायकांना शेतातली जड कामं, पाणी भरणं असे कष्ट जास्त होते, त्यांच्या बाळांचं वजन आणि डोक्याचा घेर कमी होता. शेतातल्या बाईला “टेन्शन घेऊ नकोस” सांगून काय उपयोग? तिच्या डोक्यावरचा हंडा कोणीतरी उतरवून घ्यायला हवा होता.

याच अभ्यासात साठ टक्क्यांहून जास्त आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. पुढे नऊ वर्षांच्या मुलांवर केलेल्या एका छोट्या पाहणीत, ज्यांच्या आयांचं बी-१२ खूप कमी होतं ती मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत थोडी मागे पडली. गुजरातेत राहून आपल्यातली बरीच घरं पूर्ण शाकाहारी झालेली आहेत. बी-१२ दूध-दह्यातून थोडं, अंडी-मांस-माशांतून जास्त मिळतं, भाज्यांतून मिळत नाही. तेव्हा रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना बी-१२ बद्दल जरूर विचारा. फॉलिक ॲसिडची गोष्ट आणखी आधीची. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत बंद होते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं. म्हणून ही गोळी बाळाचा विचार सुरू केल्यापासून, डॉक्टरांना विचारून, घ्यायची असते.

आता मनाच्या आजाराबद्दल. आपल्याकडे बाळंतपणानंतर बाई उदास झाली की “बाळंतीण आहे, होतं असं” म्हणून सोडून देतात. गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० स्त्रियांचा गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यापासून मागोवा घेतला. २००२ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्याचा आजार होता. आणि त्यांच्यापैकी ७८ टक्के जणींना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. म्हणजे लक्षणं समोर होती, कोणी विचारलं नव्हतं. कारणांमध्ये काय सापडलं? पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण. आणि मुलगी झाली हे.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातली एक तरी गोष्ट अशी आहे का, की जी त्या बाईने दीर्घ श्वास घेऊन आणि शांत संगीत ऐकून सुटेल?

आपल्याला अभिमन्यूची गोष्ट फार आवडते. गर्भसंस्काराचा विषय निघाला की ती येतेच. अर्जुन चक्रव्यूहाचं सांगत होता, पोटातला अभिमन्यू ऐकत होता, आणि सुभद्रेला झोप लागली म्हणून बाहेर पडायचं ऐकायचं राहून गेलं. लहानपणी ऐकताना मलाही वाटायचं, कशाला झोपली ही? आता वाटतं, दिवस गेलेल्या बाईला रात्री झोप येणारच. पण हजारो वर्षं आपण ती गोष्ट सांगतोय आणि त्यात कमी पडली ती सुभद्रा. उरलेलं सकाळी सांगता आलं असतं, हे अर्जुनाला कोणी विचारत नाही.

श्लोक म्हणावेत, गाणी ऐकावीत, पोटातल्या बाळाशी बोलावं. मन रमत असेल तर यात वाईट काही नाही. मात्र रात्री साडेनऊची अमेरिकेची कॉल, मग उद्याचा डबा, आणि त्यावर हेही एक काम म्हणून लादलं जात असेल, तर ताण कमी करायच्या यादीने ताणच वाढतो.

मग उपयोग कशाचा होतो? यालाही पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात २०११ च्या जानेवारीत क्वीन्सलंडला मोठा पूर आला. तिथे काही गरोदर स्त्रियांना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ओळखीची नर्स-सुईण मिळत होती, आणि इतरांना नेहमीसारखी, जी ड्यूटीवर असेल ती. पुराचा धक्का दोन्हीकडे बसला होता. बाळंतपणानंतर पाहिलं तेव्हा, एकच ओळखीचं माणूस सोबत असलेल्यांमध्ये त्या धक्क्याचा मनावरचा परिणाम कमी दिसला. गोव्यातही नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांकडे प्रशिक्षण दिलेल्या साध्या, आसपासच्या बायका नियमित जाऊन बोलायच्या. त्यांना ‘सखी’ म्हणत. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फार मोठा चमत्कार झाला नाही, पण आजारातून बाहेर येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

म्हणजे ओळखीचं, पुन्हा पुन्हा येणारं, ऐकून घेणारं माणूस आणि डोक्यावरचं खरं ओझं कमी होणं. आमच्या घरी आम्ही हे अगदी कोरडेपणाने केलं. फ्रिजवर एक कागद लावला. जावेच्या डोक्यावर जे जे आहे ते तिला विचारून लिहिलं, आणि प्रत्येक कामापुढे दुसऱ्या कोणाचं तरी नाव घातलं. गृहकर्जाचे हप्ते आणि बँकेची कटकट दिराकडे. संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाई आणि मी आलटून-पालटून. प्रत्येक तपासणीला सोबत दीरच जाणार, दर वेळी नवं माणूस नाही, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले याची उजळणी तिला करावी लागत नाही. रात्रीच्या कॉलबद्दल तिने मॅनेजरशी बोलावं असं ठरलं, आणि बोलल्यावर त्या सकाळी हलल्यासुद्धा. डोहाळजेवणाला दीडशे माणसं बोलवायची की चाळीस, हे तिला विचारलं. ती म्हणाली चाळीस. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, मग त्यांनी स्वतःच यादी कापली.

शेवटी काही गोष्टी थोडक्यात, कापून ठेवायला:

सलग दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटणं, कशातच रस नसणं, झोप न लागणं, सतत धडधड, किंवा जगणं नको वाटणं, यांतलं काही असेल तर “गरोदरपणात होतं” म्हणून थांबू नका, डॉक्टरांना सांगा. जगणं नको वाटत असेल, तर त्याच दिवशी.

मानसिक आजाराची औषधं आधीपासून चालू असतील तर दिवस गेल्याचं कळताच स्वतःहून बंद करू नका. लगेच डॉक्टरांना विचारा. आजार पुन्हा उलटण्याचाही आई-बाळाला धोका असतो.

टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास चालते आणि मराठी, गुजराती दोन्हींत बोलता येतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. घरी कामाला येणाऱ्या ताईंना हे नक्की सांगा. त्यांच्या डोक्यावरचा हंडा आपल्यापेक्षा जड असतो.

नोकरी करणाऱ्यांसाठी: २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात.

आणि नवरे मंडळींसाठी एकच. “टेन्शन घेऊ नकोस” हे वाक्य तोंडावर आलं की गिळून टाका आणि त्याऐवजी म्हणा, “यातलं काय मी करू?” उत्तर आलं की ते काम करून टाका. पुन्हा आठवण करून द्यायचं काम तिला लावू नका.

पुढच्या महिन्यात बाळ दीड-दोन वर्षांचं झाल्यावरच्या मोबाइलच्या भांडणाबद्दल बोलू. तोपर्यंत तब्येत सांभाळा, आणि घरात कोणी अवघडलेली असेल तर तिचीही.